फ्युएल सेलमधील प्लॅटिनमवर बसलेले गंधक ओळखणे आणि उतरवणे

पीईएम प्रकारच्या फ्युएल सेलमध्ये, म्हणजे प्रोटॉन आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याच्या (मेम्ब्रेनच्या) दोन बाजूंना हायड्रोजन आणि हवा देऊन वीज मिळवणाऱ्या सेलमध्ये, सगळी रासायनिक क्रिया कार्बनच्या भुकटीवर पसरलेल्या, काही नॅनोमीटर आकाराच्या प्लॅटिनमच्या कणांवर घडते. या कणांचा पृष्ठभाग मोकळा असेल तोपर्यंतच सेल चालतो. हायड्रोजनमधून किंवा हवेतून आलेले गंधक या पृष्ठभागावर एकदा बसले की ते आपणहून उठत नाही, आणि सेलचे व्होल्टेज हळूहळू उतरू लागते. अशा सेलला पुष्कळदा ‘म्हातारा झाला’ म्हणून बाद केले जाते. वास्तविक त्यातील प्लॅटिनम शाबूत असते, फक्त झाकलेले असते, आणि योग्य रीतीने उपचार केल्यास त्याची कार्यक्षमता बऱ्याच अंशी परत मिळवता येते. मात्र हा उपचार म्हणजे मुद्दाम घडवून आणलेले ऑक्सिडेशन असते आणि त्याची झळ कार्बनला व प्लॅटिनमलाही लागते. म्हणून तो पुरेसा, पण पुरेशापेक्षा जास्त नाही अशा मात्रेतच करावा लागतो. पुढील लेखन प्रयोगशाळेत एकट्या सेलवर काम करणारे विद्यार्थी आणि लहान स्टॅकची (एकत्र जोडलेल्या अनेक सेलच्या संचाची) देखभाल करणारे तंत्रज्ञ यांना समोर ठेवून केले आहे.

हा विषय आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही पुण्यातील कंपनी यांनी विकसित केलेली फ्युएल सेल बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात सादर झाली. अंबरनाथ येथील नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने पाणबुड्यांसाठी फॉस्फोरिक आम्लावर आधारित फ्युएल सेल प्रणाली विकसित केली आहे. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस तयार होतो, आणि त्यापासून हायड्रोजन काढायचा तर सर्वांत आधी आडवे येते ते त्यातील हायड्रोजन सल्फाइड.

गंधक प्लॅटिनमला का सोडत नाही

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर आला की तो तुटतो, त्यातील हायड्रोजन निघून जातो आणि गंधकाचा अणू प्लॅटिनमशी घट्ट बांधला जातो. कार्बन मोनॉक्साइडही प्लॅटिनमवर बसतो, पण त्याचे बंधन तुलनेने सैल असते, त्यामुळे शुद्ध हायड्रोजन सोडल्यावर तो काही काळाने निघून जातो. गंधकाच्या बाबतीत शुद्ध हायड्रोजनचा काहीही उपयोग होत नाही, कारण त्याला हलवायचे तर त्याचे ऑक्सिडेशन होऊन सल्फेट बनावे लागते. हे ऑक्सिडेशन हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण ०.९ व्होल्टच्या वर सुरू होते आणि १ व्होल्ट ओलांडल्यावरच पुरेशा वेगाने घडते.

येथे ॲनोड (हायड्रोजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड) आणि कॅथोड (हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड) यांच्यातील एक मोठा फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण उपचाराची सगळी आखणी त्यावरच उभी आहे. चालू सेलमध्ये कॅथोड साधारण ०.६ ते ०.८ व्होल्टवर असतो आणि भार काढून घेतल्यावर तो ०.९५ व्होल्टच्या आसपास जातो, म्हणजे गंधकाच्या ऑक्सिडेशनच्या उंबरठ्यावर पोहोचतो. त्यामुळे स्वच्छ हवा मिळू लागली की कॅथोड थोडाफार आपला आपण सावरतो. ॲनोड मात्र सदैव शून्य व्होल्टच्या आसपास असतो. सेल कितीही दिवस चालवला, कितीही शुद्ध हायड्रोजन दिला, तरी ॲनोडवरचे गंधक ऑक्सिडेशनला लागणाऱ्या विभवापर्यंत (इलेक्ट्रोडच्या व्होल्टमधील पातळीपर्यंत) कधीच पोहोचत नाही. ॲनोडवरची घसरण म्हणूनच साचत जाते आणि ती उतरवण्यासाठी बाहेरून हस्तक्षेप करावाच लागतो.

हवेतून येणारा सल्फर डायऑक्साइड कॅथोडवर बसतो आणि विभवानुसार त्याचे रूप बदलते. कमी विभवाला त्याचे क्षपण (ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया) होऊन मूळ गंधक उरते, मधल्या विभवाला तो जवळजवळ तसाच चिकटून राहतो आणि उंच विभवाला सल्फेट बनतो. सल्फेटही प्लॅटिनमवर काहीसे अडून राहते, पण विभव खाली आणला की ते सुटते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. उपचारात विभव नुसता वर नेऊन धरून न ठेवता तो वर-खाली फिरवतात, याचे कारण हेच आहे: वर गेल्यावर गंधकाचे सल्फेट होते आणि खाली आल्यावर ते सल्फेट पृष्ठभाग सोडते.

किती गंधक पुरेसे असते

वाहनांच्या फ्युएल सेलसाठी लागणाऱ्या हायड्रोजनचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १४६८७ हे एकूण गंधकाची मर्यादा ०.००४ पीपीएम, म्हणजे अब्ज भागांत चार भाग, इतकी ठेवते. त्याच मानकात कार्बन मोनॉक्साइडला ०.२ पीपीएमपर्यंत मुभा आहे, म्हणजे गंधकाची मर्यादा त्याच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी आहे. ही मर्यादा इतकी कडक का, हे एका साध्या हिशेबाने कळते, आणि तो प्रत्येकाने आपल्या सेलसाठी करून पाहावा असा माझा आग्रह आहे.

समजा ॲनोडवर दर चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलिग्रॅम प्लॅटिनम आहे आणि त्याचे विद्युतरासायनिक क्षेत्रफळ, म्हणजे क्रियेला प्रत्यक्ष उपलब्ध असलेले क्षेत्रफळ, ग्रॅममागे ६० चौरस मीटर आहे. म्हणजे इलेक्ट्रोडच्या एका चौरस सेंटिमीटरमागे प्लॅटिनमचे ३० चौरस सेंटिमीटर क्षेत्र मिळते. प्लॅटिनमच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकुलोम हा प्रचलित आकडा धरला, तर पृष्ठभागावरच्या सर्व जागांचा हिशेब साधारण ६.३ मिलिकुलोम होतो. एक ॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटर या घनतेने सेल चालत असेल, वापरला जाईल तेवढाच हायड्रोजन आत येत असेल, त्यात १ पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल आणि ते सगळेच्या सगळे चिकटले, तर साडेतीन तासांत प्रत्येक जागेवर गंधकाचा एक अणू बसलेला असेल. मानकातील मर्यादेइतके गंधक असेल, तर याच गोष्टीला सुमारे ८७० तास लागतात. प्रत्यक्षात सगळे गंधक चिकटत नाही, आणि सेल कोलमडायला सगळा पृष्ठभाग झाकला जाण्याचीही गरज नसते. तरी या हिशेबावरून दोन गोष्टी निश्चित होतात. मर्यादेच्या आतला हायड्रोजनही दीर्घकाळात गंधकाचा साठा करतच असतो, आणि प्लॅटिनम कमी वापरून सेल स्वस्त करण्याच्या प्रयत्नात आपण गंधकाला तोंड देण्याची त्याची ताकदही कमी करत असतो.

हवेच्या बाजूने पाहिले, तर भारताच्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत सल्फर डायऑक्साइडची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे ०.०३ पीपीएम. माणसांसाठी ठरवलेली ही मर्यादा प्लॅटिनमच्या दृष्टीने लहान नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आले आहे. त्यामुळे रस्त्यावरची हवा या बाबतीत सुधारली, पण कोळशावर चालणारी औष्णिक वीज केंद्रे, वीटभट्ट्या, बंदरातील जहाजे आणि ज्वालामुखीच्या जवळचे प्रदेश येथे धोका कायम आहे.

दोष गंधकाचाच आहे याची खात्री

व्होल्टेज उतरण्याची कारणे अनेक असतात आणि चुकीच्या निदानावर केलेला ऑक्सिडेशनचा उपचार निष्कारण नुकसान करतो. त्यामुळे सुरुवात नेहमी निरुपद्रवी चाचण्यांनी करावी.

पहिली चाचणी म्हणजे खात्रीच्या सिलिंडरमधील अतिशुद्ध हायड्रोजन आणि शुद्ध हवा देऊन सेल मध्यम भारावर काही तास चालवणे. या काळात व्होल्टेज पूर्ववत झाले, तर गुन्हेगार बहुधा कार्बन मोनॉक्साइड होता. व्होल्टेज वर-खाली झोके घेत असेल आणि वायूचा प्रवाह वाढवल्यावर सुधारत असेल, तर पाणी साचले आहे. दुसरी चाचणी उच्च वारंवारतेच्या प्रतिरोधाची, म्हणजे मुख्यतः मेम्ब्रेनच्या प्रतिरोधाची. अमोनिया किंवा धातूंचे आयन मेम्ब्रेनमध्ये शिरले तर हा प्रतिरोध वाढतो. गंधक प्लॅटिनमवर बसते, मेम्ब्रेनची प्रोटॉनवाहकता ते फारसे बिघडवत नाही. म्हणून प्रतिरोध जवळजवळ तोच, पण शुद्ध वायूंवरही व्होल्टेज खालीच, ही जोडी दिसली की गंधकाचा संशय बळावतो.

निर्णायक पुरावा सायक्लिक व्होल्टमेट्री (विभव वर-खाली फिरवून वाहणाऱ्या प्रवाहाचा आलेख काढण्याची पद्धत) देते. ज्या इलेक्ट्रोडची तपासणी करायची त्यावर आर्द्र नायट्रोजन आणि समोरच्या इलेक्ट्रोडवर आर्द्र हायड्रोजन सोडावा. हायड्रोजनचा इलेक्ट्रोडच संदर्भ आणि प्रतिइलेक्ट्रोड अशी दोन्ही कामे करतो. विभव आधी ०.०५ ते ०.८ व्होल्ट एवढाच फिरवावा, सेकंदाला २० ते ५० मिलिव्होल्टच्या वेगाने. ०.१ ते ०.४ व्होल्टच्या पट्ट्यातील हायड्रोजनचे उंचवटे चपटे झालेले दिसले, तर पृष्ठभाग कशाने तरी झाकलेला आहे एवढे समजते. त्यानंतर वरची मर्यादा एकदाच १.१ व्होल्टपर्यंत वाढवावी. या पहिल्याच फेरीत ०.९ व्होल्टच्या पुढे ऑक्सिडेशनचा ठळक उंचवटा आला, पुढच्या फेऱ्यांत तो घटत गेला आणि त्याच्या जोडीने हायड्रोजनचे उंचवटे उगवत गेले, तर तेथे गंधक आहे असे खात्रीने म्हणता येते. कार्बन मोनॉक्साइडचा उंचवटा याहून बऱ्याच कमी विभवाला येतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. पहिल्या फेरीची नोंद पुन्हा मिळत नाही. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वी उपकरणातील नोंदीची व्यवस्था तपासून घ्यावी.

बाहेर पडणाऱ्या पाण्यात सल्फेट सापडले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मेम्ब्रेनमध्ये स्वतःचेच सल्फोनिक आम्लगट असतात आणि ती झिजत असेल तर त्यातूनही सल्फेट निघते. याच सेलच्या चांगल्या काळातील पाण्याची नोंद असेल तरच तुलनेला अर्थ राहतो.

उपचारापूर्वी उगम बंद करावा

गंधक येण्याची वाट उघडी ठेवून केलेला उपचार वाया जातोच, शिवाय प्रत्येक वेळी थोडा कार्बन आणि थोडे प्लॅटिनम घेऊन जातो. सुधारित नैसर्गिक वायूपासून किंवा बायोगॅसपासून आलेल्या हायड्रोजनमध्ये गंधक असू शकते हे सर्वांना माहीत असते. पाण्याच्या विद्युत विघटनातून मिळालेल्या हायड्रोजनबद्दल मात्र अनेकांना निर्धास्तपणा वाटतो आणि तो धोकादायक आहे. विघटनयंत्रातून बाहेर पडताना त्यात गंधक नसते, पण काँप्रेसरचे तेल, गंधकाने व्हल्कनाइज केलेले रबराचे होज आणि गॅस्केट, पूर्वी वास घातलेला वायू वाहून नेलेली नळी यांतून ते वाटेत मिसळते. नैसर्गिक वायूला वास यावा म्हणून घालतात ती मर्कॅप्टनसारखी द्रव्ये गंधकाचीच संयुगे असतात. नळ्यांच्या आतल्या भिंती त्यांना धरून ठेवतात आणि नंतर कितीतरी दिवस थोडी थोडी सोडत राहतात.

म्हणून सेलला हात लावण्यापूर्वी संशयास्पद होज बदलावेत, गॅस्केट ईपीडीएमचे (एका कृत्रिम रबराचे) असेल तर ते पेरॉक्साइडने क्युअर केलेल्या प्रकारचे घ्यावे, आणि आर्द्रता देणाऱ्या भांड्यातील पाणी काढून ते भांडे अतिशुद्ध पाण्याने अनेकदा धुवावे. हे भांडे पुष्कळदा विसरले जाते, आणि विरघळलेले सल्फर डायऑक्साइड त्यातच राहून जाते.

कॅथोडचा उपचार

कॅथोडच्या बाबतीत सौम्य उपायापासून सुरुवात करावी. सेल नेहमीच्या तापमानाला, म्हणजे ६० ते ८० अंश सेल्सिअसला आणावा, दोन्ही वायूंची आर्द्रता पूर्ण ठेवावी, हवा रासायनिक गाळणीतून किंवा सिलिंडरमधून द्यावी. मग सेल काही मिनिटे भाराशिवाय ठेवावा आणि त्यानंतर काही मिनिटे मोठ्या भारावर, ०.३ ते ०.४ व्होल्टपर्यंत खाली, चालवावा. भाराशिवाय असताना कॅथोड ०.९५ व्होल्टच्या आसपास जाऊन काही गंधकाचे सल्फेट बनते, आणि मोठ्या भारावर भरपूर पाणी तयार होऊन ते सल्फेट धुतले जाते. ही जोडी अनेकदा करून प्रत्येक टप्प्यानंतर ठरावीक भारावरचे व्होल्टेज नोंदवावे. सल्फर डायऑक्साइडने थोड्या काळासाठी बाधित झालेले कॅथोड पुष्कळदा एवढ्यानेच बरेच सावरतात, आणि यासाठी कोणतेही खास उपकरण लागत नाही.

तेवढ्याने भागले नाही, तर हवेची जागा नायट्रोजनला द्यावी आणि पोटेन्शिओस्टॅटच्या (इलेक्ट्रोडचा विभव हवा तसा राखणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने कॅथोडचा विभव ०.०५ ते १.१ व्होल्टदरम्यान फिरवावा. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कॅथोडवरील सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बोनिल सल्फाइड यांच्या बाधेचा सविस्तर अभ्यास केला असून, विभवाच्या अशा आवर्तनांनी पृष्ठभाग मोकळा होतो हे त्या कामातून दिसले आहे. दर पाच फेऱ्यांनंतर थांबून हायड्रोजनच्या उंचवट्यांचे क्षेत्रफळ मोजावे. सलग दोन मोजण्यांत वाढ दिसली नाही की तेथेच थांबावे.

ॲनोडचा उपचार

ॲनोडसाठी भूमिकांची अदलाबदल करावी लागते, आणि सर्वांत जास्त काळजी येथेच घ्यायला हवी. एकट्या सेलमध्ये पद्धत सरळ आहे. भार काढावा, दोन्ही बाजू नायट्रोजनने पूर्ण धुवाव्यात, मग कॅथोडच्या बाजूला आर्द्र हायड्रोजन आणि ॲनोडच्या बाजूला आर्द्र नायट्रोजन सोडावा. पोटेन्शिओस्टॅटचा कार्यकारी इलेक्ट्रोड ॲनोडला जोडून त्याचा विभव ०.०५ ते १.१ व्होल्ट फिरवावा. फेऱ्या थांबवण्याचा निकष कॅथोडप्रमाणेच.

ॲनोडमध्ये प्लॅटिनमबरोबर रुथेनियम असेल, तर ही पद्धत जशीच्या तशी वापरू नये. कार्बन मोनॉक्साइड सहन व्हावा म्हणून रुथेनियम घालतात, पण ०.८ व्होल्टच्या वर ते विरघळू लागते, मेम्ब्रेन ओलांडून कॅथोडवर जाऊन बसते आणि तेथील ऑक्सिजनची क्रिया मंदावते. अशा सेलमध्ये गंधक उतरवणे आणि रुथेनियम टिकवणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. उपचार करायचाच असेल, तर तो अगदी मोजक्या फेऱ्यांचा असावा आणि कार्बन मोनॉक्साइडची सहनशक्ती कमी होणार हे गृहीत धरावे.

स्टॅकमध्ये सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे प्रत्येकाचा विभव पोटेन्शिओस्टॅटने स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. तेथे स्थिर विद्युतप्रवाहाची पद्धत सोयीची पडते. वायूंची मांडणी वरच्यासारखीच ठेवून डीसी पुरवठ्याचे धन टोक स्टॅकच्या ॲनोडच्या बाजूच्या टोकपट्टीला आणि ऋण टोक कॅथोडच्या बाजूला जोडावे. नेहमीच्या वापरात स्टॅकचे धन टोक कॅथोडकडे असते, येथे जोडणी उलटी आहे. म्हणून तारा जोडण्यापूर्वी पट्ट्यांवर खुणा करून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्याव्यात. प्रत्येक सेलचे व्होल्टेज स्वतंत्रपणे दिसत असेल तरच पुढे जावे, तशी सोय नसेल तर स्टॅकवर हा उपचार करूच नये.

किती प्रवाह द्यायचा याचाही हिशेब आहे. मेम्ब्रेनमधून थोडा हायड्रोजन नेहमीच पलीकडे झिरपतो आणि त्याचे ऑक्सिडेशन होण्यात दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक-दोन मिलिॲम्पिअर खर्च होतात. दिलेला प्रवाह यापेक्षा कमी असेल, तर सेलचे व्होल्टेज वर चढणारच नाही. दुसरीकडे, वरच्या उदाहरणातील ॲनोडच्या प्रत्येक जागेवर गंधक बसले आहे असे मानले, तरी प्रत्येक अणूमागे सहा इलेक्ट्रॉन या हिशेबाने ते सगळे सल्फेटमध्ये बदलायला चौरस सेंटिमीटरला अवघे ३८ मिलिकुलोम लागतात. झिरप वजा जाता तीन मिलिॲम्पिअर मिळाले, तर हे काम तत्त्वतः तेरा सेकंदांचे आहे. प्रत्यक्षात क्रिया मंद असते आणि काही प्रवाह प्लॅटिनमवर ऑक्साइड तयार होण्यात जातो. म्हणून काही मिनिटे लागतात, पण तासन्‌तास कधीच लागत नाहीत. सर्वांत वर चढलेल्या सेलने १.१ व्होल्ट गाठताच प्रवाह तोडावा, व्होल्टेज खाली येऊ द्यावे, आणि पुन्हा द्यावा. इतर सेल वर चढत असताना एखादा सेल खालीच राहिला, तर त्याच्या मेम्ब्रेनला छिद्र पडले असण्याची शक्यता आहे. त्याला वर आणण्यासाठी प्रवाह वाढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि उपचार थांबवून गळतीची तपासणी करावी.

पोटेन्शिओस्टॅट किंवा डीसी पुरवठा यांच्याशिवाय करता येणारा मार्गही आहे: चाचणीमंचावर नळ्या बदलून ॲनोडच्या बाजूला स्वच्छ हवा आणि कॅथोडच्या बाजूला हायड्रोजन द्यावा, म्हणजे ॲनोडचे प्लॅटिनम ०.९५ व्होल्टच्या आसपास जाते, आणि अधूनमधून छोटा भार देऊन विभव खाली आणावा. हा मार्ग मंद असतो आणि गंधक पूर्ण उतरत नाही. त्यात सर्वांत महत्त्वाची दक्षता धुण्याची आहे. हायड्रोजन असलेल्या मार्गिकेत हवा थेट शिरली, तर एकाच मार्गिकेत अर्ध्या भागात हायड्रोजन आणि अर्ध्या भागात हवा अशी स्थिती क्षणभर येते आणि त्या वेळी समोरच्या इलेक्ट्रोडचा काही भाग १.४ व्होल्टच्या आसपास जाऊन तेथील कार्बन जळतो. शिवाय स्फोटक मिश्रण तयार होण्याचा धोका असतोच. म्हणून प्रत्येक बदलाच्या आधी नायट्रोजनने भरपूर धुणे अनिवार्य आहे.

कार्बन मोनॉक्साइडवर उपाय म्हणून हायड्रोजनमध्ये टक्का-दोन टक्के हवा मिसळतात. गंधकावर तिचा भरवसा धरू नये. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधील संशोधकांनी ओझोन देऊन ॲनोडवरचे गंधक उतरवता येते हे दाखवले आहे. ती पद्धत आकर्षक आहे, कारण तिला बाहेरचा वीजपुरवठा लागत नाही. मात्र ओझोन मेम्ब्रेनला, रबराला आणि माणसाच्या फुप्फुसांनाही घातक असल्याने योग्य सोयी असलेल्या प्रयोगशाळेबाहेर ती करू नये.

या उपचाराची किंमत

१.१ व्होल्ट ही मर्यादा मी वारंवार सांगतो आहे, त्यामागे कारण आहे. कार्बनचे पाण्याबरोबर ऑक्सिडेशन होऊन कार्बन डायऑक्साइड बनण्याचा प्रमाण विभव ०.२०७ व्होल्ट एवढाच आहे. म्हणजे तत्त्वतः कॅथोडवरचा कार्बन सतत जळायला हवा. ती क्रिया अतिशय मंद असते म्हणून तो टिकतो, पण १.२ व्होल्टच्या पुढे तिचा वेग झपाट्याने वाढतो. प्लॅटिनमचेही तसेच आहे. ऑक्साइड बनणे आणि पुन्हा निघणे या प्रत्येक फेरीत थोडे प्लॅटिनम विरघळते, काही मोठ्या कणांवर जाऊन बसते आणि काही मेम्ब्रेनमध्ये हरवते. १.४ व्होल्टपर्यंत नेल्यास गंधक अधिक लवकर आणि अधिक पूर्णपणे निघते हे खरे आहे, आणि एकदाच करायच्या अभ्यासासाठी ते चालेल. ज्या सेलला पुढे हजारो तास चालायचे आहे त्याच्यासाठी १.१ व्होल्टवर जास्त फेऱ्या करणे, आणि अगदीच अडले तर मोजक्या फेऱ्यांपुरते १.२ व्होल्टपर्यंत जाणे, हाच मार्ग मला योग्य वाटतो.

उपचार न करण्याचीही किंमत असते, आणि ती केवळ कमी झालेल्या व्होल्टेजची नसते. गंधकाने अर्धवट झाकलेल्या प्लॅटिनमवर ऑक्सिजनचे पूर्ण क्षपण होऊन पाणी बनण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड अधिक प्रमाणात तयार होतो आणि तो मेम्ब्रेन कुरतडतो. बाधित सेल ‘चालतोय तोवर चालू द्या’ म्हणून महिनोन्‌महिने वापरला, तर प्लॅटिनमवरचे गंधक उतरवता येईल, पण पातळ झालेली मेम्ब्रेन परत मिळणार नाही. मेम्ब्रेन झिजताना तिच्यातून फ्लोराइड निघते, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यातील फ्लोराइड वाढत असेल, तर हे नुकसान सुरू झाले आहे असे समजावे.

उपचारानंतरची पडताळणी

उपचार संपल्यावर पुन्हा नायट्रोजनने धुऊन वायू मूळ जागी आणावेत आणि सेल पूर्ण आर्द्रतेवर, मोठ्या भाराने काही तास चालवावा, म्हणजे उरलेले सल्फेट पाण्याबरोबर निघून जाईल. त्यानंतरच पोलरायझेशन वक्र (वेगवेगळ्या भारांवरच्या व्होल्टेजचा आलेख) घ्यावा, आणि तोही बाधेपूर्वीच्या वक्राइतक्याच तापमानाला, दाबाला, आर्द्रतेला आणि वायूच्या प्रमाणाला. यांपैकी एक गोष्ट जरी बदलली तरी तुलना फसवी ठरते.

विद्युतरासायनिक क्षेत्रफळ परत आले, पण लहान भारावरचे व्होल्टेज आले नाही, तर गंधकाचा काही अंश अजून शिल्लक असू शकतो किंवा आयनोमरमध्ये (इलेक्ट्रोडमधील प्रोटॉनवाहक पदार्थात) सल्फेट अडकलेले असू शकते. आणखी धुऊन पाहावे. क्षेत्रफळच पूर्ण परत आले नाही आणि आणखी फेऱ्यांनीही वाढत नाही, तर उरलेली घट प्लॅटिनम विरघळल्याची आहे आणि ती कायमची आहे. मोठ्या भारावरच व्होल्टेज कोसळत असेल, तर कार्बन जळून इलेक्ट्रोडची रचना खचली आहे आणि पाण्याला वाट मिळत नाही, असा संशय घ्यावा. झिरपणाऱ्या हायड्रोजनची मोजणी वाढलेली दिसली, तर तो सेल पुढे वापरणे सुरक्षित नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

हवेच्या बाजूला केवळ धूळ अडवणारी गाळणी असून भागत नाही. अतिसूक्ष्म कण अडवणारी उत्तम गाळणीही वायुरूप सल्फर डायऑक्साइड जसाच्या तसा आत सोडते. अल्कली मुरवलेल्या सक्रिय कोळशाची गाळणी लावावी लागते, आणि ती दिसायला स्वच्छ असली तरी तिची क्षमता संपलेली असू शकते. म्हणून ती परिसरातील हवेच्या नोंदींवरून ठरवलेल्या मुदतीला बदलावी.

हायड्रोजनच्या बाजूला, बायोगॅसचा किंवा सुधारित वायूचा संबंध असेल तर झिंक ऑक्साइडचा थर वापरतात. तो ३५० ते ४०० अंश सेल्सिअसला उत्तम काम करतो आणि गंधक झिंक सल्फाइडच्या रूपात धरून ठेवतो. सामान्य तापमानाला खास प्रक्रिया केलेला सक्रिय कोळसा सोयीचा असतो. प्रेसमडच्या बायोगॅससारख्या ठिकाणी, जेथे हायड्रोजन सल्फाइड हजार पीपीएमच्याही पुढे जाऊ शकतो, तेथे आधी जैविक किंवा लोहयुक्त माध्यमाने मोठा भार उतरवून मग झिंक ऑक्साइड लावावा, नाहीतर तो थर फार लवकर संपतो. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी वासावर विसंबू नये. १०० पीपीएमच्या आसपास हायड्रोजन सल्फाइड नाकाची संवेदनाच बधिर करतो, आणि नेमकी तीच पातळी जिवावर बेतणारी असते. अंगावर वायुसूचक यंत्र लावल्याशिवाय त्या परिसरात जाऊ नये.

हायड्रोजनचा नमुना तपासणीला पाठवताना तो साध्या पोलादी सिलिंडरमध्ये भरू नये. अब्जांशाच्या पातळीवरचे गंधक सिलिंडरच्या भिंतीलाच चिकटून राहते आणि अहवालात हायड्रोजन स्वच्छ असल्याचे दिसते. आतून सिलिकाचा थर दिलेले सिलिंडर वापरावे, नमुना घेण्यापूर्वी ते त्याच वायूने अनेकदा धुवावे, आणि तपासणी गंधकासाठी खास संवेदक असलेल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर होणार आहे का, हे प्रयोगशाळेला आधीच विचारून घ्यावे.